प्रीतम्या म्हणणारा माणूस

खासदार प्रीतम मुनेश्वर यांना तोंडावर 'अरे' म्हणू शकेल असं माणूस आता एकच उरलं होतं, आणि ते नांदेडच्या न्यायालयात दिवाणी दावे चालवत होतं. पक्षातले मोठे पुढारी त्यांना 'मुनेश्वरजी' म्हणत, कार्यकर्ते 'साहेब' म्हणत, वर्तमानपत्रांत नावाआधी 'ज्येष्ठ नेते' लागत असे. घरची मंडळीसुद्धा 'साहेब निघाले का' असंच विचारत. फक्त उदगीरहून आलेला महांतेश शिवप्पा हुडगे नावाचा वकील त्यांना प्रीतम्या म्हणायचा.

महांतेशचं घर विष्णुपुरीच्या रस्त्याला होतं. मुलगी तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात होती तेव्हा बांधलेलं. मुलगी शिकली, बंगळूरला नोकरीला लागली, तिथंच तिचं लग्न झालं. तिच्या बाळंतपणासाठी म्हणून महांतेशची बायको मंजुश्री बंगळूरला गेली. मग नात रांगायला लागेपर्यंत थांबली, मग चालेपर्यंत, मग शाळेत रुळेपर्यंत. "एवढं एक झालं की येतेच," असं ती दर वेळी म्हणायची आणि ते खोटं नसायचं. भांडण काही नव्हतं. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. गोळी घेतली का, भाजी काय केली, कामवाली आली का. फोन ठेवला की घरात पंख्याचा आवाज तेवढा राहायचा.

कोर्टात दिवसभर माणसं असत, पण ती सगळी 'हुडगे साहेब' म्हणणारी. त्याच्या वयाचे वकील थकले होते, काहींनी कोट खुंटीला लावला, काही राहिलेच नाहीत. बाररूममध्ये ज्या पोरांबरोबर तो चहा प्यायचा ती त्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवायची. त्याला उलटं बोलणारं कुणी नव्हतं. उलटं बोलणारा एकच होता आणि तो दिल्लीत होता.

दोघांची गाठ पडली नांदेडच्या लॉ कॉलेजात, पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला. महांतेश उदगीरच्या भुसार व्यापाऱ्याचा मुलगा. बाप शिवप्पा कपाळावर भस्माचे पट्टे ओढून दुकानात बसायचा आणि मुलानं बी.कॉम. करून तिथंच बसावं अशी त्याची इच्छा होती. मुलानं बी.कॉम. केलं आणि वकिलीला आला. प्रीतम किनवटच्या पुढच्या, रेल्वे रुळाच्या पलीकडच्या एका गावचा. शिक्षण सगळं वसतिगृहांत झालेलं. पहिल्या वर्षी दोघांनी वजिराबादेत एक खोली घेतली. उदगीरहून महांतेशची आई गौरम्मा डबा भरून कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी पाठवायची. प्रीतम पहिल्याच दिवशी तो डबा अर्धा करायचा.

"माझी आई पाठवते अन् तू खालालास," महांतेश म्हणायचा.

"'खालालास' म्हंजे काय बे? खाऊन राहिलो म्हण की."

"तू खाऊनच राहिलास, ते दिसलालंय मला."

उदगीरची बोली आणि किनवटची बोली यांचं हे भांडण पुढं चाळीस वर्षं चाललं. कॉलेजात कुणाचंच नाव अख्खं राहत नसे. महांतेशचा मांत्या झाला, प्रीतमचा प्रीतम्या.

पहिल्या वर्षाच्या सुट्टीत महांतेश मित्राबरोबर त्याच्या गावी गेला. प्रीतमचा बाप पंढरी एका मालकाकडे सालगडी होता. संध्याकाळी ओट्यावर सगळे बसले असताना मालकाचा नातू आला. असेल आठ-दहा वर्षांचा. लांबूनच ओरडला, "ए पंढऱ्या, बैल सोड की. आजा बोंबलून राहिला." पन्नाशीचा पंढरी डोक्याचं मुंडासं सारखं करत उठला आणि "आलो मालक" म्हणत त्या पोराच्या मागं चालू लागला. प्रीतमची आई धुरपताबाई चुलीपुढं होती, तिनं मान वर केली नाही. महांतेश खाली बघत बसला.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर महांतेशनं विचारलं, "प्रीतम, गाडी किती वाजता हाय?"

प्रीतम दहा पावलं तसाच चालला. मग थांबला. "काय म्हनलास?"

"गाडी कधी हाय, म्हनलो."

"त्याच्या आधी."

महांतेशनं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"काल रातच्यापासून तू मला प्रीतम म्हणून राहिलास. म्हंजे माझ्या बापाला पंढऱ्या म्हणतात म्हणून तू मला सांभाळून घेऊन राहिलास. व्हय ना?"

"मला वाटलं, तुला वाईट..."

"हे बघ मांत्या. त्या पोराच्या तोंडचं 'ऱ्या' अन् तुझ्या तोंडचं 'म्या' एक न्हाई. गावात मला कुणी प्रीतम्या म्हनलं तर मी त्याचं नरडं धरीन. पण तू म्हणायचं बंद केलंस तर तूबी मला गावातलाच समजून राहिलास असं होईल. ध्यानात आलं का?"

"आलं."

"मग म्हण."

"गाडी कधी हाय रे, प्रीतम्या?"

"गेली," प्रीतम म्हणाला. "तुझ्यामुळं चुकली."

आणि खरोखरच ती चुकली होती.

सनद मिळाल्यावर दोघांनी एकाच जागेत कार्यालय थाटलं. महांतेशकडे वाटणीचे, हद्दीचे, भाडेकरूंचे दावे आले. प्रीतमकडे लोक आले. ते कागद घेऊन येतच नसत. नामांतराच्या दिवसांत पोलिसांनी उचललेली पोरं, गायरानावर पिढ्यान् पिढ्या पीक घेणारी आणि आता नोटीस आलेली कुटुंबं, मजुरी बुडालेल्या बाया, सगळी येऊन जिन्यावर बसायची. प्रीतम जिन्यावरच बसून त्यांचं ऐकायचा. भोकरपासून किनवटपर्यंतच्या गायरानवाल्यांना एकत्र करून त्यानं कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. न्यायालयात तो ज्या आवाजात युक्तिवाद करायचा त्याच आवाजात तिथं बोलला आणि माणसं उन्हात हलली नाहीत. त्यानंतर बाररूममध्ये कुणीतरी म्हणालं, "मुनेश्वरचे पक्षकार वाढत वाढत त्यांचा पक्षच झाला." ते सगळ्या कोर्टभर झालं.

आधी जिल्हा परिषद. मग पक्षाचा जिल्ह्याचा अध्यक्ष. विधानसभेला एकदा पडला, तेव्हा महांतेशनं त्याला उदगीरला नेऊन आठ दिवस झोपू दिलं. मग प्रदेशाचं चिटणीसपद, विधान परिषद, दूरदर्शनवर पक्षाची बाजू मांडणं. कायदा कळतो, तिन्ही भाषा बोलतो, चिडत नाही, म्हणून वरच्यांनी त्याला दिल्लीला बोलावून घेतलं. राष्ट्रीय सचिव झाला, मग राष्ट्रीय सरचिटणीस, मग राज्यसभा. तो वर चढत गेला तसतशा त्याच्या तारखा महांतेशकडे येत गेल्या. सुरुवातीला पक्षकार विचारायचे, "मुनेश्वर साहेब येतेत न्हवं पुढच्या तारखेला?" महांतेश म्हणायचा, "येईल की." पुढं पुढं विचारणं बंद झालं. आपलं काम हुडगे साहेब बघतात हे त्यांनी मान्य केलं. महांतेशनंही केलं. त्याला हेवा वाटला नाही असं नाही. कधीतरी टीव्हीवर प्रीतम बोलताना बघून त्याला वाटायचं की या वाक्याला मी त्याला बाररूममध्ये आडवा घेतला असता. पण तेवढंच.

'अरे' मात्र तसंच राहिलं. एकदा लातूरला पक्षाची सभा होती. महांतेश उदगीरहून परत येत होता, वाट वाकडी करून तिथल्या विश्रामगृहावर थांबला. दाराशी पांढऱ्या कपड्यातला एक तरुण कार्यकर्ता उभा होता.

"प्रीतम्या हाय का आत?" महांतेशनं विचारलं.

कार्यकर्त्याचा चेहरा लाल झाला. "काका, साहेब म्हना. कुणाबद्दल बोललालाव ते कळतंय का तुम्हाला?"

आतून आवाज आला. "कोण हाय रे? मांत्या का? ये की आत, बाहेर काय भाषण करून राहिला." मग प्रीतम स्वतः दारात आला आणि त्या पोराला म्हणाला, "ह्या माणसाला मला काय म्हणायचं ते त्यानं म्हणावं. त्याच्या मधी कुणी पडायचं न्हाई. माझी गाडी चुकवलीय त्यानं याच्यावरनं."

पोराला यातलं काही कळलं नाही. महांतेशनं ही हकिकत बाररूममध्ये पुढं कितीतरी वर्षं सांगितली.

मागच्या वर्षी धुरपताबाई गेली. महांतेश गावी पोचला तेव्हा रेल्वे रुळापर्यंत गाड्या लागल्या होत्या. माणसांच्या गर्दीतून त्याला पुढं जाता आलं नाही. लांबून प्रीतमनं त्याला पाहिलं, हात थोडा वर केला, आणि लगेच कुणा मंत्र्यानं त्याला मिठीत घेतलं. महांतेश तसाच परतला. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"काल तुला जवळ येऊ दिलं न्हाई कुणी."

"जाऊ दे. लई माणसं होती."

"लई होती," प्रीतम म्हणाला. मग म्हणाला, "आई मला शेवटपर्यंत 'काय रे, जेवलास का' म्हणायची. आता तसं बोलणारा तूच राहिलास, मांत्या. संभाळून राहा."

"मला काय झालंय?"

"काय न्हाई. राहा म्हनलो."

त्यानंतर फोन कमी झाले. कधी विमानतळावरून दोन मिनिटं, कधी तेही नाही. महांतेश आपणहून फोन करायचा तेव्हा व्यंकट नावाचा स्वीय सहायक उचलायचा आणि "साहेब मीटिंगमध्ये आहेत, निरोप देतो" म्हणायचा. निरोप पोचायचा की नाही कळायला मार्ग नव्हता. प्रीतमचं ते वाक्य महांतेशच्या मनात राहिलं होतं. तूच राहिलास. तो स्वयंपाकघरात एकटा जेवायला बसला की त्याला वाटायचं, आपल्यालाही दुसरं कोण राहिलंय.

या हिवाळ्यात वकील संघानं खासदार मुनेश्वरांचा सत्कार ठरवला. इथून उठून देशाच्या राजकारणात गेलेला पहिला सभासद. महांतेशला ते संघाच्या अध्यक्षांकडून कळलं, पण त्याच संध्याकाळी प्रीतमनं स्वतः फोन केला. व्यंकट मध्ये नव्हता.

"मांत्या, मी येऊन राहिलो रविवारी. सत्कारबित्कार होऊ दे. दुपारचं जेवण तुझ्याकडं. मी एकटाच. हुग्गी करशील का?"

"मंजुश्री न्हाई इथं."

"मग तू कर. वकिली येत न्हाई, निदान हुग्गी तरी यायला पाहिजे."

"आलास की खाऊन बघ अन् मग बोल."

"लई दिस झाले बे कुणाशी भांडून," प्रीतम म्हणाला आणि फोन ठेवला.

महांतेशनं मंजुश्रीला फोन लावला. गव्हाची ती खीर कशी करायची ते तिनं दोनदा सांगितलं. गहू कोणत्या डब्यात, कुटायचे किती, गूळ कधी टाकायचा. "अन् शनिवारीच भिजू घाला, रविवारी सकाळी आठवण झाली म्हणून चालायचं न्हाई. भाऊजींना आवडती, म्हणून म्हणते." शेजारच्या शरणम्मानं भाकऱ्या आणि भरली वांगी करून द्यायचं कबूल केलं. शनिवारी महांतेशनं दिवाणखाना झाडला, दोन खुर्च्यांमधला टीपॉय काढून टाकला आणि परत ठेवला. कितीतरी महिन्यांत त्या घरात कुणी जेवायला आलं नव्हतं.

रविवारी सभागृह भरलं होतं. परिचय करून देण्याचं काम महांतेशकडे होतं. त्यानं काही लिहून आणलं नव्हतं. प्रीतम्याबद्दल बोलायला कागद कशाला, असं त्याला वाटलं होतं. स्टेजच्या मागं संघाचे अध्यक्ष दयानंद वकील त्याच्याजवळ आले.

"हुडगे साहेब, एक विनंती हाय. चॅनलवाले लाइव्ह दाखवलालेत. तुमचं अन् साहेबांचं घरचं हाय, ते आम्हाला ठाऊक हाय. पण आज जरा..."

"जरा काय?"

"जरा अहो-जाहो."

"त्याला आवडायचं न्हाई."

"त्यांना," दयानंद म्हणाले.

महांतेश हसला. त्यानं ते मनावर घेतलं नाही. लातूरच्या विश्रामगृहाची हकिकत सांगायची आणि तिथून सुरुवात करायची, हे त्यानं ठरवलं होतं. प्रीतम आला. पांढरा सदरा, खांद्यावर शाल, केस पूर्ण पांढरे. स्टेजवर चढताना त्यानं महांतेशच्या दंडाला हात लावला आणि खुर्चीवर बसला. महांतेश माइकपाशी गेला.

"मित्रहो," त्यानं सुरुवात केली आणि समोर पाहिलं.

वकील मंडळी मागं होती. पुढच्या सगळ्या रांगा किनवटकडून, भोकरकडून टेम्पो करून आलेल्या माणसांनी भरल्या होत्या. पांढऱ्या साड्या नेसून आलेल्या म्हाताऱ्या बाया होत्या. गायरानाच्या दाव्यातले ओळखीचे चेहरे होते, आता वाळून गेलेले. एक म्हातारा काठीवर दोन्ही हात ठेवून, हनुवटी हातांवर टेकवून वर बघत होता. डोक्याला मुंडासं होतं. त्याची सगळी नजर खुर्चीत बसलेल्या प्रीतमवर होती, आणि ती इतकी भरलेली होती की महांतेशला ती बघवेना.

त्याच्या जिभेवर प्रीतम्या आलेलं होतं. पण हे नाव त्या दोघांच्या खोलीतलं होतं, जिन्यावरचं होतं. इथं माइकमधून ते निघालं तर या माणसांना काय ऐकू येईल? उदगीरच्या लिंगायत व्यापाऱ्याचा पोरगा कोट घालून उभा आहे आणि आपल्या साहेबांना अरे-तुरे करतो आहे. ज्यांना जन्मभर ए अमक्या, ए तमक्या ऐकावं लागलं, त्यांचा एक माणूस दिल्लीला पोचला, तरी हे लोक त्याला 'ऱ्या'च म्हणतात. दोन्हींत फरक आहे हे या हजार माणसांना कोण समजावणार?

"आदरणीय साहेबांबद्दल," महांतेश म्हणाला, "मी काय बोलावं."

एकदा साहेब म्हटल्यावर पुढचं आपोआप आलं. साहेबांचा जन्म, साहेबांचं शिक्षण, साहेबांचा संघर्ष. विश्रामगृहाची हकिकत या भाषेत सांगता येण्यासारखी नव्हती, ती त्यानं सोडली. वाक्यांना सभेची चाल लागली. आणि शेवटाकडे, टाळ्यांच्या भरात, तो म्हणून गेला, "साहेबांच्या कार्यालयात काही वर्षं काम करण्याची संधी मला मिळाली, हे मी माझं भाग्य समजतो."

टाळ्या पडल्या. म्हाताऱ्यानं काठी मांडीवर आडवी ठेवून टाळ्या वाजवल्या. महांतेश वळला तेव्हा प्रीतम त्याच्याकडे बघत होता. रागानं नाही. कुणी अनोळखी माणूस हुबेहूब ओळखीच्यासारखा दिसावा आणि आपण निरखून बघावं, तसं.

प्रीतम नंतर अर्धा तास बोलला. सुरुवातीलाच म्हणाला, "माझे जुने सहकारी महांतेशजी हुडगे यांनी माझ्याविषयी जे प्रेमाचे शब्द काढले, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे." महांतेशजी. तो 'जी' ही दिल्लीची सवय होती की उत्तर होतं, ते महांतेशला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

जेवायला तो येणार नाही असं महांतेशनं गृहीत धरलं. पण प्रीतम आला. बंदूकवाले आणि व्यंकट खाली थांबले. प्रीतम एकटाच वर आला, चपला दारात काढल्या, घर बघितलं.

"हात धुवायचे का?" महांतेशनं विचारलं.

"हो. मोरी इकडंच ना?"

"इकडंच. टॉवेल आहे तिथं."

दोघं बसले. भाकरी वाढली गेली, वांगं वाढलं गेलं.

"तिखट झालंय का?"

"नाही, बरोबर आहे. मुलगी बरी आहे ना?"

"बरी आहे. दिल्लीत थंडी पडली का?"

"पडली."

महांतेशच्या लक्षात आलं की आपण अशी वाक्यं करतोय ज्यांत समोरच्याला तू म्हणावं लागत नाही आणि तुम्हीही म्हणावं लागत नाही. वाढायचं का, बसायचं का, झालं का. त्याची सासू नवऱ्याशी जन्मभर असंच बोलली होती. आणि प्रीतमही तेच करत होता. बोलीसुद्धा दोघांची गेली होती, पुस्तकातल्यासारखे बोलत होते. इतक्या जपून ते दोघं एकमेकांशी कधी बोलले नव्हते.

हुग्गी वाढल्यावर प्रीतमनं वाटी हातात घेतली, पण खाल्लं नाही.

"ते 'काम करण्याची संधी' काय होतं?"

महांतेशनं ताटात बघितलं. "पुढं सगळी गावाकडची माणसं बसली होती. म्हातारी. त्यांच्या कानाला ते दुसरं कसं लागलं असतं?"

प्रीतमनं एक घास खाल्ला.

"बरोबर केलंस," तो म्हणाला. "तुझ्या जागी मीबी तेच केलं असतं."

"मग झालं तर."

"झालंच की. चूक केली असतीस तर भांडलो असतो. आता भांडू कशावरनं?" त्यानं दुसरा घास घेतला. "तूप कमी पडलं याला."

महांतेशनं तुपाचं भांडं पुढं सरकवलं. प्रीतमनं तूप घेतलं. मग वाटी खाली ठेवून तो सरळ महांतेशकडे बघत म्हणाला, "इथं कुणी न्हाई. चॅनल न्हाई, म्हातारी माणसं न्हाईत. एकदा म्हण. मग मी जातो."

एवढंसं होतं. महांतेशनं तोंड उघडलं. समोर पांढरे केस होते, शाल होती, खाली बंदूकवाल्यांच्या बुटांचा आवाज होता, आणि सकाळपासून पन्नास वेळा म्हटलेलं साहेब जिभेवर अजून चिकटलेलं होतं. "प्रीतम..." असं तो म्हणाला. पुढचं अक्षर यायला हवं होतं. नाव तिथंच लटकलं, आणि ते तसं सोडवेना म्हणून जिभेनं आपलं काहीतरी जोडलं.

"प्रीतम... राव."

प्रीतम हसला. खूप हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. महांतेशही हसला. हसता हसता त्याला वाटलं की आता सुटलं, आता पुढचं वाक्य नीट येईल. तेवढ्यात व्यंकट दारात आला. "साहेब, लातूरची मीटिंग पाचला आहे. रस्त्याचं काम चालू आहे वाटेत. निघायला पाहिजे."

"निघूया," प्रीतम म्हणाला. त्यानं वाटीतली हुग्गी सगळी संपवली, उरलेली परत थोडी मागून घेतली, उभ्यानंच खाल्ली. हात धुतले. महांतेश त्याच्यामागं जिना उतरला. खाली कॉलनीतली माणसं जमली होती, कुणी हार घेऊन उभं होतं. प्रीतमनं हार घेतले, नमस्कार केले. गाडीत बसून काच खाली केली.

"येतो," तो म्हणाला.

"बरं," महांतेश म्हणाला. जास्त काही म्हणायला माणसं फार होती.

गाड्या वळणावरून दिसेनाशा झाल्या. माणसांनी महांतेशला घेरलं. तुमच्याकडं जेवले का, काय काय जेवले, तुमची एवढी ओळख असेल असं वाटलं नव्हतं. त्यानं सगळ्यांना उत्तरं दिली. मग वर येऊन ताटं उचलली, घासली, ओटा पुसला. हुग्गीचं पातेलं जवळजवळ रिकामं झालं होतं. तळाला राहिलेली त्यानं चमच्यानं खरवडून खाल्ली. गूळ नीट लागला होता.

संध्याकाळी मंजुश्रीचा फोन आला. मागं नात कशासाठी तरी हट्ट करत होती.

"आले होते का भाऊजी?"

"आला होता."

"जेवले का नीट?"

"जेवला. हुग्गी दोनदा घेतली त्यानं. तूप कमी पडलं म्हणाला."

"मी सांगितलं होतं, तूप वरनं सोडा म्हणून. तुम्ही ऐकत न्हाईत. लई बोलत बसला असाल दोघं."

"बसलो की."

"काय म्हणत होते?"

"प्रीतम्या काय म्हणणार," महांतेश म्हणाला, आणि ते अक्षर इतकं सहज सुटलं की त्यालाच ते ऐकू आलं. तो थांबला.

"हॅलो? कटला का?"

"न्हाई. हाय."

"परत कधी येणार म्हणाले?"

"म्हणाला न्हाई," महांतेश म्हणाला.